टपाखालचं पाणी

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दुकानात जायला निघाले, गाडीचं दार उघडून पाय आत ठेवला तो थेट पाण्यात. पाऊस थांबून दोन दिवस झालेत आणि माझ्या गाडीत तळं! चहाच्या पातेल्याने उपसलं. सात पातेली निघाली. मग जुने टॉवेल, मग वर्तमानपत्रं. चष्म्याच्या दुकानात पोचायला पाऊण तास उशीर. मालक म्हणाले, "ती टपाची गाडी विकून टाका म्हणून मी किती वर्षं सांगतोय. नाहीतर मासे तरी पाळा त्यात." मी हसले नाही. त्यांच्या गाडीला पत्र्याचं छप्पर आहे, त्यांना काय कळणार.

टप मात्र धड आहे. कापड कुठे फाटलेलं नाही, शिवण उसवलेली नाही. हात फिरवून फिरवून पाहिलं. मग पाणी शिरतं कुठून?

संध्याकाळी ताईचा फोन. "परवा येतेय. आठेक दिवस राहीन." तिच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ताई माझ्याकडे कधी मुक्कामाला राहिलेली नाही. सकाळी भावजींबरोबर यायचं, जेवायचं, आणि भावजींनी घड्याळाकडे बघितलं की उठायचं. "भावजीपण येतायत?" मी विचारलं. "नाही, मी एकटीच." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "गाडी आहे ना गं अजून?"

आहे. आणि कागदोपत्री ती अजून ताईच्याच नावावर आहे. हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

ताई आली. टॅक्सीतून तीन बॅगा उतरल्या, त्यामागून शिवणयंत्र. "आठ दिवसांत शिवणार काय तू?" "तुझे पडदे." माझे पडदे चांगले आहेत. बॅगेत लोकरीचा कोटही दिसला. थंडीला अजून दीड महिना आहे! ताई पहिल्यापासून अशीच, निघाली की अख्खं घर बांधून घेणार.

चहासुद्धा न घेता बोळात गेली. गाडी घराच्या कडेच्या बोळात झाडाखाली उभी असते. वाकून आत डोकं घातलं आणि म्हणाली, "शी! ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय." मग स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. मला वाटलं कंबर धरली. "उठवू का?" म्हटलं. "नको. बघतेय."

मीही बघत होते, ती काय बघतेय ते.

जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या. आम्ही दोघी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो, शेजारी शेजारी खुर्च्या. एका डॉक्टरांचे गुडघे गेले, ह्या बुटक्या गाडीत शिरणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. ताई सव्वीसची, मी बावीसची. घरी न सांगता घेतली आणि अकरा दिवस बेकरीमागच्या गल्लीत लपवून ठेवली. बाराव्या दिवशी अण्णा पाव आणायला गेले आणि त्यांनी लेकींना आत बसलेलं पाहिलं. गाडीभोवती एक फेरी मारली. "हिचं छप्पर कुठंय?" ताई म्हणाली, "मागे दुमडलंय." "मग घराचंही दुमडून ठेवा," एवढं बोलून अण्णा पाव घेऊन चालू लागले. आठवडाभर अबोला. त्यानंतरच्या रविवारी बघतो तर कानाला मफलर गुंडाळून फाटकाशी उभे. "समुद्र किती लांब आहे इथून?"

गाडीत सीटा दोनच. मी मागे दुमडलेल्या टपावर बसले, दोघांचे खांदे धरून. येताना अण्णा गात होते. अण्णा गातात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आज ताईने त्यांची नक्कल केली तेव्हा मला ठसका लागला. बऱ्याच वर्षांनी घरात कोणीतरी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मिस्त्री येऊन गेले. हात थरथरायला लागले म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेज बंद केलं, पण बोलावलं की येतात, बोळात खुर्ची टाकून बसतात आणि तोंडाने काम करतात.

"बाई, घराला मोरी असते तशी हिलाही आहे. टपावरचं पाणी मागे उतरतं. सीटांच्या पाठीमागे, टप जिथे दुमडतो त्या खाचेत, डावीकडे एक भोक, उजवीकडे एक. तिथून रबरी नळी गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाच्या पुढे. मोरी तुंबली की पाणी घरात."

"अडतीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही!"

"दर सर्व्हिसिंगला मीच काढत होतो की. त्यात सांगायचं काय?"

म्हणजे तीन वर्षं झाडाचा पाचोळा त्या खाचेत कुजतोय आणि मी महिन्यातून दोनदा गाडीला बाहेरून चकाचक पुसतेय.

मिस्त्रींनी बजावलं, "लोखंडी तार खुपसू नका, रबर फाटेल. पंपाने हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटली तर गाडी सोलावी लागेल. गवत कापायच्या यंत्रात असते ना, ती जाड नायलॉनची दोरी घ्या. टोक मेणबत्तीवर धरून गोल करा. आणि घाई नको. मोरीशी भांडायचं नसतं, तिची समजूत काढायची असते."

ह्यावर ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. विनोद काही एवढा मोठा नव्हता.

जाताना मिस्त्री म्हणाले, "ताई परत आल्या, बरं झालं." "आठ दिवसांसाठी," मी म्हटलं. ताई मेणबत्ती शोधायला आत गेली होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर डावी मोरी. मागच्या काचेची चेन उघडून टप अर्धा उचलला आणि झाडूचा दांडा लावून उभा केला. ताई सीटवर उलटी गुडघे टेकून बसली, मी टॉर्च धरून. दुकानातून भिंगं उचलायचा बारीक चिमटा आणला होता. आधी पानं निघाली, मग पंख असलेल्या बिया, मग एक उगवलेलं रोप! चार बोटं उंच, उजेड नसल्याने पांढरंफटक. "घ्या! गाडीत शेती चाललीय तुझी," ताई म्हणाली. त्याखाली काळा, मऊ गाळ. चमच्याने काढला, दोन वाट्या भरल्या.

ताईच्या बोटात अंगठी दिसली नाही, नुसता तिचा पांढरा पट्टा. विचारलं तर म्हणाली, "सांधे सुजलेत, चढत नाही." पण बोटं तर अशी चालत होती जणू लोकर विणतेय. ते भोक बोटभरही रुंद नाही, माझ्याने एक बी निघाली नसती.

गाळ संपल्यावर दोरी घातली. वीतभर गेली आणि अडली. ढकलली की वाकते, ओढली की परत तेवढीच येते. कोमट पाणी ओतून वाट बघत बसलो. ताई म्हणाली, "तळ्याच्या रस्त्यावर तो उतार आहे ना, तिथे तू हात वर करून ओरडायचीस." "मी नाही, तू." "मी कशी? मी चालवत असायचे." खरंच की. तेव्हा चालवायची तीच. मी शेजारी नकाशा मांडीवर घेऊन, आणि नकाशा कायम उलटा. माझं केस बांधायचं फडकं एकदा त्याच उतारावर उडालं, तर ताईने गाडी थांबवून शेतातून अर्धा मैल चालत जाऊन ते आणलं होतं. लाल होतं. मला वाटत होतं पिवळं, पण ताई म्हणते लाल.

अंधार पडला तरी पाणी तसंच उभं. उद्या पुन्हा.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मनात आलेलं लिहून टाकते, नाहीतर मला झोप यायची नाही.

दुपारी भाच्याचा फोन आला. ताईला नाही, मला. "मावशी, आई बरी आहे ना? काही बोलली का?" "काय बोलायचंय?" "नाही, असंच. तिला राहू दे तिथे हवं तितकं. आणि बाबांचा फोन आला तर सांग ती अंघोळ करतेय."

आणि संध्याकाळी ताई सहज विचारल्यासारखं करत म्हणाली, "बारके, गाडीचे कागद कुठे असतात?" कशाला हवेत विचारलं, तर पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. नवं कोरं! गेल्या महिन्यात परीक्षा देऊन काढलंय, चौसष्टाव्या वर्षी, कोणाला न सांगता. "विम्याच्या कागदात माझंही नाव घालून घेऊ, म्हणजे मला चालवता येईल."

आता ह्याचा अर्थ काय? आई-लेकाचं संगनमत आहे. भाच्याला लहानपणापासून ह्या गाडीचं वेड. ताई मोरी साफ करतेय ती गाडी धडधाकट करून न्यायला. कायद्याने तिचीच आहे, मी नाही म्हणू शकत नाही. पण छत्तीस वर्षं तेल-पाणी मी बघितलं. दोन टप बदलले. अण्णांना दवाखान्यात नेलं ते ह्याच गाडीतून, आणि परत आणलं नाही तेही हिलाच माहीत आहे.

कागद कुठे आहेत ते बघायला हवं, एवढंच म्हटलं. कागद माझ्या उशाच्या कपाटात आहेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

डावी मोरी मोकळी झाली! दुकानातून येऊन कपडेही बदलले नव्हते. ताई गाडीखाली चटई टाकून आडवी, तिने खालून दोरी घातली होती, मी वरून. "तू थांब, आता मी ढकलते... आता तू!" काहीतरी मऊ सरकल्यासारखं बोटांना जाणवलं आणि घळघळ आवाज झाला. ताई किंचाळली. सगळं काळं पाणी तिच्या बाहीत. बाहेर आली तेव्हा कपाळापासून कोपरापर्यंत चिखल आणि तोंडभर हसू. मी बादली ओतत होते आणि ती चाकापाशी बसून धार बघत होती, लहान मूल बघतं तशी.

मघाशी तिच्या बाहीचा चिखल धूत होते तेव्हा गाडीची आठवणही नव्हती. आता लिहायला बसले तर पुन्हा मनात तेच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आठ दिवस झाले. जायचा विषय नाही. काल विचारत होती, वरची खोली कोणाला द्यायचीय का. "अडगळीला कोण घेणार?" म्हटलं. आज दुकानातून आले तर खोली झाडून पुसून आरसा. आमचीच खोली ती, दोघींची.

भावजींचे आज तीन फोन, तिन्ही माझ्या फोनवर, कारण ताईचा बंद असतो. पहिला, "तिला विचार, माझे मोजे कुठे ठेवलेत." ताई उजव्या मोरीत चिमटा घालून होती, मान न वळवता म्हणाली, "दुसऱ्या खणात." दुसरा फोन, "दुसऱ्या खणात नाहीत." "मग तिसऱ्यात बघा म्हणावं." तिसरा, "कधी येणार आहे ती?" मी फोनवर हात ठेवून ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "लाइन बिझी आहे म्हण." एक्स्चेंजमध्ये नको त्या माणसाला आम्ही हेच सांगायचो. जुन्या सवयीने माझ्या तोंडून त्याच सुरात निघालं, "लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा." भावजींनी फोन ठेवून दिला.

हसले मी, पण काहीतरी आहे. ताई ताकास तूर लागू देत नाही.

उजवी मोरी तासाभरात निघाली. हात बसलाय आता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पहाटेपासून पाऊस. सकाळी दहाला छत्री घेऊन बोळात गेलो. गाडीत हात लावून पाहिलं, कोरडं. खालून दोन्ही बाजूंनी धारा लागलेल्या. ताई म्हणाली, "आत बसू या ना जरा." बसलो. ती स्टिअरिंगपाशी, मी शेजारी. टपावर पाऊस वाजत होता. कापडावर वाजणारा पाऊस पत्र्यासारखा नसतो, अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा असतो. लहानपणी पांघरुणात घुसून आम्ही दोघी गोष्टी सांगायचो तसं वाटलं, आणि त्यामुळेच असेल, माझ्या तोंडून निघून गेलं.

"ताई, गाडी हवी असेल तर सरळ सांग. घेऊन जा. तुझीच आहे. कागद माझ्या कपाटात आहेत, मी उगाच लपवले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा असा झाला की मी घाबरले.

"बारके, मी गाडी न्यायला नाही आले गं. मी आलेय."

"आलीयस ते दिसतंय मला."

"तसं नाही. आलेय."

तीन बॅगा. शिवणयंत्र. लोकरीचा कोट. बोटावरचा तो पांढरा पट्टा. दहा दिवस माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं, आणि मी दुसऱ्यांना चष्मे लावून देते!

काय बोलतात अशा वेळी ते मला येत नाही. तिचा हात गिअरवर होता, त्यावर माझा ठेवला. काच वाफेने पांढरी होईपर्यंत बसलो होतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

भावजी आले. दुपारी बारा वाजता, न कळवता. मी दार उघडलं. शर्टाची कॉलर एका बाजूला आत गेलेली. हातात ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, "विसरून आली ही." वाईट माणूस नाही हा. हे मला लिहून ठेवायचंय.

"झाली ना हौस? आवर आता. चारची ट्रेन आहे, तिकिटं काढलीत."

ताई म्हणाली, "मी येत नाही."

"म्हणजे उद्या?"

"उद्याही नाही."

भावजी खुर्चीत बसले. मी पाणी दिलं ते त्यांनी हातातच धरलं. "मी कधी हात उचलला तुझ्यावर? काही कमी पडू दिलं?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं होतं?"

"काहीही. चहा की कॉफी. खिडकी उघडू का. काहीही चाललं असतं."

भावजींनी माझ्याकडे बघितलं, जणू ताई दुसऱ्याच भाषेत बोलतेय आणि मला ती येते. मी खाली बघितलं. मग ताई उठली, कोट घातला आणि म्हणाली, "चला, स्टेशनवर सोडते तुम्हाला."

तिने टप मागे दुमडला. भावजी कधीच ह्या गाडीत बसले नव्हते. नवीन लग्न झालेलं तेव्हा हसत हसत म्हणाले होते, "चांगल्या घरच्या बायका अशा उघड्यावर हिंडत नाहीत." आज दाराला धरून, गुडघे वाकवत, कसेबसे खाली उतरून बसले. बॅग मांडीवर. ताईने आरसा नीट केला, मागे बघितलं आणि बोळातून गाडी अशी काढली की भिंतीला बोटभर अंतर राहिलं.

स्टेशन वीस मिनिटांवर. चार वाजले. पाच वाजले. साडेपाचला मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. ट्रेनमध्ये चढली असेल का? शेवटच्या क्षणी माणसाचं मन कसंही वळतं, आणि छत्तीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. नवल म्हणजे गाडीचं काय झालं असेल हा विचार एकदाही आला नाही.

सहाला दहा कमी असताना कोपऱ्यावर इंजिनाचा आवाज आला. ताईच्या केसांचं घरटं झालेलं, नाक लालबुंद.

"ट्रेन गेल्यावर समुद्रापर्यंत जाऊन आले," म्हणाली. "रस्ता तोच आहे. बाकी सगळं बदललंय."

"आणि भावजी?"

"ते स्टेशनवर उतरल्यावर मला म्हणाले, एवढ्या वाऱ्यात तुला थंडी नाही वाजत?"

"मग?"

"वाजते, म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. ट्रेन आली."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

काल दिवसभर एक गोष्ट ओठांवर येत होती. आज चहा घेऊन मागच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा सांगून टाकली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ताईने मला ह्याच पायरीवर विचारलं होतं, "बारके, जाऊ ना मी?" मी लगेच म्हटलं होतं, "जा की." विचारसुद्धा केला नाही. कारण गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती आणि ती मला हवी होती. मी चोवीस वर्षांची होते. तिने खरंच विचारलं होतं, हे मला आत्ता कळतंय.

ताईने चहाचा घोट घेतला. "मला माहीत होतं. मी बोलायच्या आधीच तुझा हात पुढे आला होता."

"आणि तरी गेलीस?"

"तुझ्यामुळे नाही गेले गं. मला वाटलं, सगळ्याच जातात, तर आपणही जायचं." मग कप खाली ठेवून म्हणाली, "आणि तू फोन करायचीस ना. आज तळ्यापर्यंत गेले, आज घाट चढले, वर धुकं होतं, अमक्या वळणावर ट्रक आडवा आला. ते बाहेर पेपर वाचत असायचे आणि मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून तुझ्याबरोबर जाऊन यायचे."

मला एकेक फोन आठवायला लागला. मी तेव्हा उगाच फुशारकी मारायचे, तिला जळवायला. ती हूं हूं करत ऐकायची, मला वाटायचं कंटाळलीय.

मग अंधार पडेपर्यंत आम्ही रस्ते आठवत बसलो. घाटातलं पाचवं वळण कुठल्या बाजूला होतं ते मी विसरले होते. ताई म्हणाली, "डावीकडे. आणि वळलं की लगेच पांढऱ्या कठड्याचा पूल."

त्या घाटात ती आजवर कधी गेलेली नाही.